थिसिस टायपिंग-बाइंडिंग: काम भारी, पण प्रूफ स्वतः बघा

बी.एड. कॉलेजची नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएचडी करायलोय, संभाजीनगरात विद्यापीठ गेटकडच्या एका दुकानात थिसिस दिला. तक्ते, टी-टेस्ट या सांख्यिकी चाचणीचे आकडे एकदम बरोबर, पण श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधलं मॅटर युनिकोडमध्ये बदलताना 'अध्ययन'मधला 'ध्य' पानापानावर फुटला अन् पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात गाईडचं आडनावच चुकवलं राव! दुकानदार म्हणतो, "सर, मॅटर तुम्हीच पास केलं ना." नवीन पुठ्ठा करून दिला, पैसे घेऊनच. प्लेजरिझमचा, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का याचा रिपोर्ट मात्र इथून काढू नका, यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पण ते विद्यापीठाच्या लायब्ररीतूनच तपासून घ्या. अन् सकाळीच जा, दुपारी लाईट जाते.