/यूएसआर की /यूएसआर/लोकल?

जळगाव-धुळ्याकडची इंजिनिअरिंगची पोरं लिनक्सवर सोर्स कोडवरून प्रोग्राम कम्पाइल करून ‘मेक इन्स्टॉल’ ही बसवण्याची कमांड देतात, आणि फायली बहुतेक वेळा /यूएसआर/लोकल (/usr/local) या फोल्डरमध्ये जातात. कम्पाइलची तयारी करणाऱ्या जीएनयूच्या कॉन्फिगर स्क्रिप्टचा मूळ प्रिफिक्स, म्हणजे प्रोग्राम जिथे बसतो ते मुख्य फोल्डर, तोच. स्वतःच्या मशीनसाठी हे योग्यच आहे. कुठली फाइल कुठे ठेवायची ते सांगणाऱ्या फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डप्रमाणे (आवृत्ती ३.०, २०१५) ही जागा मशीन सांभाळणाऱ्याची. सिस्टिम अपडेट झाली तरी तिथल्या फायलींना धक्का लागू नये.

तोच प्रोग्राम डेब किंवा आरपीएम पॅकेज (थेट बसवता येणारी फाइल) बांधून रावेर-यावलच्या केळी उत्पादकांच्या मशीनांवर द्यायचा असेल, तर मात्र प्रिफिक्स /यूएसआर. डेबियन या लिनक्स वितरणाच्या धोरणात पॅकेजने /यूएसआर/लोकलमध्ये फायली टाकायला मनाईच आहे, आणि मला ती पूर्ण पटते. कुणी तिथे हाताने बसवलेली आवृत्ती आपल्या पॅकेजने दाबून टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात नांगर घालणं.

गोंधळ खरा होतो तो प्रिफिक्स आणि डेस्टडिर यांत. प्रिफिक्स अनेकदा बायनरीत, म्हणजे कम्पाइल झालेल्या प्रोग्रामच्या फाइलीत, कोरला जातो. प्रोग्राम आपल्या डेटा फायली तिथेच शोधतो. डेस्टडिर म्हणजे ‘मेक इन्स्टॉल’ला दिलेलं फोल्डर; ते फक्त फायली कॉपी करताना मार्गाच्या सुरुवातीला जोडलं जातं. म्हणून प्रिफिक्स /यूएसआर ठेवायचा आणि पॅकेज बांधायचं तात्पुरतं फोल्डर डेस्टडिरमध्ये द्यायचं. उलट केलं, तर गिऱ्हाइकाच्या मशीनवर प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपवरचं फोल्डर शोधत बसेल. सिसकॉन्फडिर, म्हणजे सेटिंगच्या फायलींचं फोल्डर, वेगळं /ईटीसी द्या, नाहीतर त्या फायली /यूएसआर/ईटीसीत जातील.