धरमपेठेतली जर्मन-इंग्रजी भाषांतर सेवा: श्नायडर शाबूत, रोंटगेन फसला

जर्मनीत चार-पाच वर्षं काढून नागपूरला परतलेल्यांना तिकडचं अनुभवपत्र, भाडेकरार, मुलांचे दवाखान्याचे कागद इंग्रजीत करून लागतात. धरमपेठेतल्या एका छोट्या भाषांतर केंद्राकडे असा सात पानांचा गठ्ठा दिला. पानाला आठशे रुपये, चार दिवस, सही-शिक्क्यासकट. मुदत पाळली. खरी परीक्षा होती आडनावांची.

जर्मन आडनावं आपल्यासारखीच असतात. श्मिट म्हणजे लोहार, त्सिमरमान सुतार, श्नायडर शिंपी, वेबर कोष्टी, श्वार्त्स काळे, क्लाइन लहाने. महालातल्या काळेकाकांना कोणी मिस्टर ब्लॅक म्हणत नाही, पण मोबाइलवरचं फुकटचं भाषांतर घरमालकीण क्लाइनबाईंची मिसेस स्मॉल करून मोकळं होऊ शकतं. त्याला कारणही आहे. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, त्यामुळे ‘कोख’ दिसलं की तो आचारी की कोख नावाचा माणूस, हे अक्षरावरून कळत नाही, वाक्यच वाचावं लागतं. केंद्राने सातही पानांत एकाही आडनावाचं भाषांतर केलं नाही. (आडनाव भाषांतरित करायचं तर ते त्या घराण्यानेच. 1917 मध्ये ब्रिटनमध्ये जर्मनद्वेष शिगेला पोचला, तेव्हा बॅटनबर्गांनी ‘बर्ग’ म्हणजे डोंगर इंग्रजीत नेला आणि माउंटबॅटन झाले. आपले शेवटचे व्हाइसरॉय त्याच घरातले.)

अनुभवपत्राखाली सहीपाशी ‘आय. ए. श्नायडर’ असं दिसतं. ही आद्याक्षरं नव्हेत. ‘इम आउफ्त्राग’, म्हणजे ‘च्या वतीने’. इथे भलेभले घसरतात, केंद्र घसरलं नाही. आडनावापुढचं ‘गेब.’ही त्यांनी नीट लावलं: वेबर, पूर्वाश्रमीच्या कोख. जन्मतारखेआधीही हाच संक्षेप येतो, पण तिथे त्याचा अर्थ नुसता ‘जन्म’. त्यामुळे कोख नावाच्या गावात जन्म झाल्याचं भाषांतरही होऊ शकतं.

घोळ झाला तो टिंबांचा. म्युलर आडनावात ‘यू’वर दोन टिंबं असतात. जर्मन पासपोर्टवर नावाच्या जागी ती तशीच छापतात, पण तळाच्या यंत्राने वाचायच्या ओळींत ‘यू’नंतर ‘ई’ घालतात. केंद्राने टिंबं नुसतीच उडवली, म्हणजे दोन्हींशी न जुळणारं तिसरंच स्पेलिंग तयार झालं. पडताळणी करणाऱ्याने ओळखपत्र शेजारी ठेवलं की कागद परत येतो. त्याहून वाईट गत ‘वाइस’ची, म्हणजे आपल्या पांढरेंची. त्याच्या शेवटी इंग्रजी ‘बी’सारखं दिसणारं एक अक्षर असतं, ते दोन ‘एस’ लिहून उतरवायचं. यांनी खरंच ‘बी’ टंकला. त्याचं होतं ‘वाइब’, आणि आजच्या जर्मनमध्ये तो बाईमाणसाला हिणवायचा शब्द आहे. दुरुस्ती एका दिवसात, फुकट मिळाली.

उलटी चूक दवाखान्याच्या कागदावर. ‘रोंटगेन थोरॅक्स’ म्हणजे छातीचा एक्स-रे. आडनावं सांभाळायच्या नादात यांनी रोंटगेन तसाच ठेवला, वाचणाऱ्याला ते तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव वाटावं असा. विल्हेल्म रोंटगेन यांनी 1895 मध्ये हे किरण शोधले आणि त्यांना स्वतः ‘एक्स’ म्हटलं. इंग्रजीने ते नाव उचललं, जर्मनांनी मात्र शोधकर्त्याचं आडनाव लावलं. त्यामुळे डिझेल, ओम, हर्ट्झ ही आडनावं इंग्रजीत तशीच चालतात आणि रोंटगेनचं मात्र भाषांतर करावंच लागतं. वैद्यकीय कागद या केंद्राला सध्या देऊ नयेत. अनुभवपत्र आणि भाडेकरार खुशाल द्यावेत.

देताना पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडा आणि त्यावर तळाच्या दोन ओळींतलं स्पेलिंग अधोरेखित करून ‘हेच वापरा’ असं लिहा. छपाईआधी कच्चा मसुदा मागवा आणि त्यात फक्त नावं तपासा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि मुलाचा जन्मदाखला तर इथे आणूच नका. तिकडच्या श्टांडेसआम्टकडे, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत, आंतरराष्ट्रीय नमुन्यातला दाखला मागितला की मिळतो. त्यावर मथळे इंग्रजीतही छापलेले असतात, भाषांतराचे पैसे वाचतात.