एटीव्हीचा अडकलेला ड्राइव्ह क्लच: पुलर, पाणी, उष्णता की सरळ गॅरेज?

मुळशी किंवा पानशेतकडे शेतावर ज्यांची एटीव्ही (जाड चाकांची, खडबडीत वाटेवर चालणारी उघडी गाडी) आहे, त्यांच्यावर पावसाळ्यानंतर ही वेळ हमखास येते. बेल्ट जळतो, ड्राइव्ह क्लच (इंजिनाची ताकद बेल्टला देणारा, चकत्यांचा भाग) खडखडायला लागतो, म्हणून आपण कव्हर उघडतो. मधला लांब बोल्ट सुटतो, पण क्लच क्रँकवरून, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरून, तसूभर हलत नाही. मग प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. हे सगळे मार्ग मी जवळून पाहिलेत, त्यातल्या एकाचं नुकसानही सोसलंय. म्हणून नेमकं काय निवडावं ते लिहितोय.

पुण्यातल्या मेकॅनिकचा हात स्कूटरवर बसलेला असतो, आणि गोंधळ तिथेच होतो. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा व्हेरिएटर (तिथला ड्राइव्ह क्लचसारखाच भाग) क्रँकच्या स्प्लाइनवर, म्हणजे दांड्यावरच्या उभ्या खाचांवर, बसतो, त्यामुळे नट काढला की हातात येतो. पोलारिसच्या एटीव्हीत आणि बहुतेक स्नोमोबाइलमध्ये (बर्फावर चालणाऱ्या गाड्या, आपल्याकडे त्या गुलमर्गला दिसतात) ड्राइव्ह क्लच टेपरवर बसवलेला असतो. क्रँकचं टोक निमुळतं, क्लचचं भोकही तसंच निमुळतं, आणि बोल्टने आवळलं की दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात. इंजिनाची सगळी ताकद त्या पकडीतूनच जाते. त्यामुळे बोल्ट काढला तरी पकड सुटत नाही. त्यात ओढ्याचं पाणी आत जाऊन गंज धरला असेल तर विचारायलाच नको. जुन्या चेतकचा मॅग्नेट ज्यांनी काढलाय त्यांना हे लगेच कळतं, कारण तोही टेपरवरच बसतो. काही एटीव्हींत मात्र स्प्लाइन असते, त्यामुळे हात लावण्याआधी तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा.

जे करायचंच नाही ते आधी सांगतो. बेअरिंग काढायचा तीन पायांचा पुलर (ओढून काढायचं अवजार) क्लचच्या चकतीला लावू नका, आणि चकतीमागे पहार घालून उचकटू नका. मेव्हण्याच्या शेतावरची गाडी आम्ही एका गॅरेजला दिली होती. तिथे पहारच घातली. क्लच निघाला, पण आतल्या चकतीच्या कडेचा अंगठ्याच्या नखाएवढा टवका उडाला. चकती अ‍ॅल्युमिनियमची असते, कडेचा ताण तिला सोसत नाही. टवका उडालेली किंवा किंचित वाकलेली चकती पुन्हा बसवता येत नाही: बेल्ट खाते, आणि वेगात फिरताना तिचा तोल गेलेला असतो. आम्हाला अख्खा क्लच नवा घ्यावा लागला.

खरा मार्ग म्हणजे त्या मॉडेलचा पुलर. हा एक लांब, कडक केलेला बोल्ट असतो. क्लचच्या आतल्या आट्यांत तो शिरतो, त्याचं टोक क्रँकवर टेकतं आणि आवळत गेलं की क्लच बाहेर ढकलला जातो. ताकदीचा अंदाज यावा म्हणून सांगतो: १६ मिमी जाडीच्या बोल्टला १०० न्यूटन-मीटरचा पीळ दिला, तर टोकावर साधारण ३ टनांचा जोर येतो. म्हणूनच साधा बोल्ट इथे टिकत नाही. त्याचं टोक चेपून फुगतं, आणि मग तो आतही जात नाही, बाहेरही येत नाही.

पुलर मागवला की यायला वेळ लागतो आणि गाडी तोवर पडून राहते. म्हणून बरेच जण भोसरीत लेथवर करून घेतात. ते चुकीचं नाही, पण तीन गोष्टी टर्नरला नीट सांगाव्या लागतात. माल ईएन-२४ सारखा (मजबूत मिश्र पोलाद) असावा आणि त्याचं हार्डनिंग झालेलं असावं. आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) गेज लावून मोजावी, कारण अमेरिकन बनावटीच्या यंत्रात इंची आटे असू शकतात. तिथे मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे सुरळीत जातो आणि तिसऱ्यात क्लचचेच आटे कापतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: टोकाची लांबी-जाडी अशी हवी की क्रँकच्या आतल्या आट्यांना त्याचा धक्का लागणार नाही. क्लच एक वेळ बदलता येतो, पण क्रँकचे आटे गेले तर इंजिन खोलावं लागतं. एवढं मोजमाप करून देणारा टर्नर ओळखीचा नसेल, तर थांबून मूळ पुलरच घ्या. गाडी ठेवणार असाल तर पुलर पुन्हा पुन्हा लागणारच आहे, तो खर्च वाया जात नाही.

पुलर हातात आल्यावर घाई हाच शत्रू आहे. नाना पेठेतल्या एका वयस्क मिस्त्रींनी आमचा दुसरा क्लच काढला तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्यांनी पुलरच्या आट्यांना आणि टोकाला ग्रीस लावलं, क्लच पट्ट्याच्या पान्याने धरला आणि लांब दांड्याने पुलर आवळला. दांडा जड झाला.

"मामा, अजून एक पीळ?" मी विचारलं.

"नको. ताणात राहू दे त्याला. चहा घेऊन येऊ."

परत आल्यावर त्यांनी पितळी हातोड्याने पुलरच्या डोक्यावर सरळ, बेताचा एक ठोका दिला. मग थोडा पीळ, पुन्हा एक ठोका. चौथ्या वेळी बंदुकीच्या बारासारखा आवाज आला आणि क्लच सैल झाला. टेपर सुटतो तो असाच, एका क्षणात. त्यामुळे हात आणि चेहरा समोर ठेवू नका. घणाचे घाव मात्र नकोत, क्रँकच्या बेअरिंगला ते लागतात. स्नोमोबाइलच्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँक अनेक तुकडे दाबून जोडलेला असतो, तिथे तर जोराचा घाव त्याची रेषाच बिघडवू शकतो.

हवेच्या गनबद्दल (दाबाच्या हवेवर धक्के देत बोल्ट आवळणारं अवजार) लोक हटकून विचारतात. काम लवकर होतं, क्लच धरूनही ठेवावा लागत नाही, आणि धक्क्यांनी टेपर सुटायला मदत होते. पण पुलर किती ताणलाय हे हाताला कळत नाही. मूळ पुलर असेल तर मध्ये मध्ये थांबत गन वापरायला माझी हरकत नाही. लेथवर केलेल्या पुलरवर मी ती लावणार नाही, कारण तो आत तुटला तर ते दुखणं फार मोठं आहे.

एवढं करूनही सुटला नाही तर पाणी. ऐकायला विचित्र वाटतं, पण यामागचं शास्त्र पक्कं आहे. पुलर काढायचा, क्लचचं भोक वर येईल अशी गाडी कलती करायची, त्यात पाणी काठोकाठ भरायचं. पुलरच्या आट्यांना नळजोडणीची टेफ्लॉन टेप दोन-चार वेढे गुंडाळायची आणि पुन्हा आवळायचं. पाणी दबत नाही, म्हणून तो दाब सगळीकडे सारखा पसरतो आणि क्लचला आतून बाहेर लोटतो. काही जण पाण्याऐवजी ग्रीस भरतात. ग्रीस सांडत नाही, गाडी कलती करावी लागत नाही. पण ते टेपरवर पसरतं आणि पुसून काढायला वेळ जातो. मला पाणी पसंत आहे. आधीच गंजलेल्या टेपरवर तर ते ज्योत लावण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

उष्णता मी पाण्याच्या नंतर ठेवतो. २५ मिमीचं पोलादी भोक क्रँकपेक्षा १०० अंशांनी जास्त तापलं, तर ते साधारण ०.०३ मिमी मोठं होतं. ही वाढ केसाच्या जाडीपेक्षा कमी असली तरी टेपर सुटायला कधी कधी तेवढी पुरते. अडचण अशी की क्लच तापतो तेव्हा क्रँकही तापत जातो आणि फरकच उरत नाही. म्हणून पुलर ताणात ठेवून क्लचच्या मधल्या दांड्याभोवती हीट गनने पटकन तापवावं. गॅसची ज्योत नको. क्लचच्या मागेच क्रँकचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) असतं, क्लचमध्ये प्लास्टिकचे भाग असतात, आणि पेट्रोलची नळीही दूर नसते.

आता कोणी काय करावं? गाडी एकच आहे, हातात अवजार धरायची सवय आहे आणि आठवडाभर थांबता येतं, तर मूळ पुलर मागवा, घरीच काढा, अडला तर पाणी वापरा. पर्यटकांच्या कॅम्पसाइटवर चार-पाच गाड्या असतील तर पुलर आणि पट्ट्याचा पाना कायमचा ठेवा, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर एकदा क्लच उतरवून टेपर पुसा. मग अडकायची वेळच क्वचित येते. याआधी कोणीतरी क्लचचे आटे खराब केले असतील, किंवा पुलर आत तुटला असेल, तर स्वतः प्रयत्न करू नका. ते लेथवाल्याचं आणि इंजिन जाणणाऱ्या माणसाचं काम आहे. गॅरेजला देताना एकच प्रश्न विचारा: "या मॉडेलचा पुलर आहे का तुमच्याकडे?" उत्तर "बघू, काढू कसाही" असं आलं तर गाडी परत घेऊन या.

क्लच निघाला की त्याच्या कव्हरचे स्क्रू गंमत म्हणून सोडू नका, आत स्प्रिंग दाबलेली असते. परत बसवताना टेपरचे दोन्ही भाग ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडे करा. पुढच्या वेळी सहज निघावा म्हणून तिथे ग्रीस किंवा तेल लावायचा मोह होतो. लावू नका. तेलकट टेपर आवळला की क्लच मापापेक्षा जास्त आत चढतो, आणि मग तो उतरवणं आणखी कठीण होतं. गंजाची पुटकुळी असेल तर अगदी बारीक स्कॉचब्राइटने हलक्या हाताने घासा, आणि बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळा.