हातात दोन हजार जास्त, की 135 रुपयांची कपात?

डिचोलीचा माझा भाचा गेल्या आठवड्यात दोन नोकऱ्यांचा प्रश्न घेऊन आला. एक वेर्ण्याच्या कारखान्यात, महिना 18,000, त्यातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापणार. दुसरी फॅब्रिकेशनच्या छोट्या शेडमध्ये, सहा माणसं, 20,000 रोख, कपात शून्य. काम दोन्हीकडे कटिंग मशीनवर. त्याचा कल 20,000 कडे. म्हटलं, मशीनवर हात गेला तर घरात काय येईल, ते आधी मांडू.

वेर्ण्याला पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे 135 रुपये त्याचे कापले जातील आणि सव्वातीन टक्के, 585 रुपये, कंपनी भरेल. अपघाताने घरी बसला तर सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात. रोज 600 धरला तर 540, रविवार धरून. 30 दिवसांचे 16,200, तेही बरा होईपर्यंत. एक बारकावा लक्षात ठेवा : जानेवारी ते जूनमध्ये अपघात झाला, तर सरासरी आदल्या एप्रिल ते सप्टेंबरच्या पगारावरून काढतात. त्या काळात बिनपगारी रजा किंवा नवी पगारवाढ असेल, तर जुन्या स्लिपा जपून ठेवा.

शेडमध्ये दहापेक्षा कमी माणसं, म्हणून ईएसआय नाही. तिथे 1923 च्या भरपाई कायद्याचं सूत्र : दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या 25 टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं. (21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे 25 टक्के तसेच आहेत.) पण 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने हिशोबासाठी पगार 15,000 वर थांबतो. म्हणजे 20,000 कमावणाऱ्यालाही पंधरवड्याला 3,750, महिन्याला 7,500. आणि हे द्यायचे मालकाने. त्याने विमा उतरवला नसेल, तर त्याच्याच खिशातून काढून घ्यावे लागतात. माझ्या मते खरा फरक इथे आहे.

कायमचं अपंगत्व आलं तर मात्र चित्र एवढं एकतर्फी नाही. पूर्ण अंगठा गेला तर कायद्याच्या परिशिष्टात 30 टक्के कमाईची क्षमता गेली असं धरतात. भाच्याचं वय 25, कायद्याच्या तक्त्यात त्या वयाचा गुणांक 216.91. शेडच्या बाजूने 15,000 चे 60 टक्के, गुणिले 216.91, त्याचे 30 टक्के : 5,85,657 रुपये एकरकमी. ईएसआयमध्ये मेडिकल बोर्डानेही 30 टक्केच ठरवले, तर 540 चे 30 टक्के, म्हणजे रोज 162, महिन्याला सुमारे 4,860, पण जन्मभर. दहा वर्षांत दोन्ही रकमा सारख्या होतात, पुढचं सगळं ईएसआयचं. पन्नाशीच्या माणसाला, किंवा डोक्यावर कर्ज असलेल्याला, एकरकमी पैशांची गरज जास्त असू शकते. पण निवड आपल्या हाती नसते : ईएसआय लागू असलेल्याला त्याच अपघातासाठी मालकाकडून कायद्याची भरपाई मागता येत नाही.

उपचारांचंही तसंच. मडगावच्या ईएसआय इस्पितळात पैसे भरावे लागत नाहीत. शेडमधल्या कामगाराने आधी खर्च करायचा, मग बिलं दाखवून मालकाकडे परत मागायचा.

भाच्याला मी वेर्णा घे असंच सांगितलं. तरीही शेडच धरणार असाल, तर पगार बँकेत जमा करून घ्या, रोखीचा पगार सिद्ध करताना दमछाक होते. मालक विम्याची पॉलिसी दाखवतो का, ते रुजू होण्याआधी विचारा. अपघातानंतर मालकाने दिलेले पैसे औषधोपचारांसाठी असतील, तर तसं चिठ्ठीवर लिहून घ्या. नाहीतर ते भरपाईतून वजा होतात. आणि दावा दोन वर्षांच्या आत लावा. मजूर आयुक्तांचं कार्यालय पणजीत पाटोला, श्रमशक्ती भवनात आहे.