मैदानाच्या कडेवरून फुटबॉलचे फोटो: ४०० मिमी लेन्स की ७०-२००?

फुटबॉलचं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर. गोलरेषेमागे बसल्यावर पलीकडच्या अर्ध्या भागाचा नाद सोडायचा, कुठलीही लेन्स लावली तरी. ४०० मिमी एफ/२.८ लेन्सचं (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लांबी, जितकी जास्त तितकं दूरचं मोठं दिसतं; एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) खरं काम २५ ते ४५ मीटरवर. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (३६ बाय २४ मिमीचा सेन्सर) ३० मीटरला आडव्या चौकटीत उंची मिळते १.८ मीटर; उभा खेळाडू जेमतेम मावतो, हेडरला उडाला की बूट कापले गेलेच. कॅमेरा उभा धरा, २.७ मीटर मिळतात.

चेंडू तुमच्या बाजूच्या पेनल्टी बॉक्समध्ये आला की खेळाडू चौकटीत मावत नाही, हीच लेन्स गळ्यातलं लोढणं. म्हणून दुसऱ्या बॉडीवर (कॅमेऱ्यावर) ७०-२०० एफ/२.८ हवीच, १५ मीटरवर २०० मिमीला तीच १.८ मीटरची चौकट मिळते. एकच लेन्स परवडत असेल तर १२०-३०० एफ/२.८ हा सर्वांत शहाणा सौदा, फक्त वजन तीन किलोंच्या वर.

१००-४०० एफ/५.६ दिवसा झकास. रात्री मात्र दोन स्टॉपचा फटका (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा): एफ/२.८ ला १/१००० सेकंदाच्या शटरसाठी आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पुरत असेल, तर इथे १२,८०० लागेल. शिवाय मागचे जाहिरातफलक पुरेसे धूसर होत नाहीत, खेळाडू त्यात हरवतो. १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा, फोकल लांबी वाढवणारा जोड) एक स्टॉप खातो, तोही दिवसाच वापरावा.

मोनोपॉड (एकपायी स्टँड) लेन्सच्या कॉलरला, म्हणजे लेन्सभोवतीच्या कड्याला लावा, बॉडीला नव्हे. नाहीतर सगळा भार माउंटवर (लेन्स आणि बॉडीच्या जोडावर) येतो. कॉलरचा स्क्रू किंचित सैल ठेवला की आडवं-उभं झटक्यात होतं.