घोडीच्या दुधाच्या पट्ट्या: आज रात्री जागायचं की नाही, एवढ्यापुरत्या कामाच्या

सारंगखेड्याच्या यात्रेत गाभण घोडी विकणारा "अकरा महिने मोजा" म्हणतो आणि दावं हातात देतो. मोजायला हरकत नाही, पण अकरा महिने म्हणजे तारीख नव्हे. सरासरी 335 ते 342 दिवसांची, आणि 320 ते 365 दिवसांत घोडी कधीही व्याली तरी ते वेळेवरच धरतात. 15 मार्च 2025ला घोडा दिला असेल तर 29 जानेवारी 2026पासून 15 मार्च 2026पर्यंत कुठलीही रात्र असू शकते. दीड महिना तबेल्यात खाट टाकून कोण झोपणार? व्यायची वेळ जवळ आली की घोडीच्या दुधातलं कॅल्शियम चढतं आणि पीएच (आम्लतेचा आकडा) उतरतो; ते रंगावरून दाखवणाऱ्या ह्या कागदी पट्ट्या घ्यायच्या त्या एवढ्यासाठी.

घोडीसाठी वेगळा महागडा संच मिळतो, पण तो घ्यायची गरज नाही. पाण्याचा कठीणपणा तपासायच्या साध्या पट्ट्या आणि 6 ते 8च्या आसपासचा बारीक फरक दाखवणारा पीएच कागद, दोन्ही ऑनलाइन मिळतात. 1 ते 14वाला पीएच कागद घेऊ नका. त्याचा रंग एकेक अंकानं उडी मारतो, आणि आपल्याला 6.8 आणि 6.4 यांतला फरक हवा असतो. सोबत सुई काढलेली सिरिंज, झाकणाची छोटी बाटली आणि डिस्टिल्ड वॉटर.

पाण्यापाशीच बहुतेकांचं चुकतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की त्यात दूध न घालताही पट्टी रंग बदलते. मग घोडी आज व्यायची म्हणून सगळं घर जागतं, आणि घोडी आपली कडबा खात उभी. पेट्रोल पंपावर बॅटरीत टाकायचं पाणी मिळतं, ते चालतं. आधी नुसत्या पाण्यात एक पट्टी बुडवून बघा. कोरी राहिली तरच ते पाणी वापरा.

कास भरू लागली की (साधारण व्यायच्या दोन ते चार आठवडे आधी) रोज संध्याकाळी एकदा तपासा. सड ओल्या फडक्यानं पुसा, पहिली धार टाकून द्या, मग 1 ते 2 मिली दूध घ्या. जास्त पिळू नका, चीक शिंगराचा आहे. पीएच कागद निर्भेळ दुधात बुडवायचा. पट्टीसाठी 1 मिली दुधात 6 मिली पाणी, बाटली हलवून. डब्यावर लिहिलेल्या सेकंदांनंतरच रंग वाचा, आणि तोही दिवसाउजेडी. तबेल्यातल्या पिवळ्या बल्बखाली दोन रंग सारखेच दिसतात.

आता आकडे. मिश्रणाचा कठीणपणा, म्हणजे कॅल्शियमचा आकडा, 200 पीपीएमच्या (दहा लाखांत 200 भागांच्या) खाली असेल तर पुढच्या 24 तासांत घोडी व्यायची शक्यता अगदी कमी. झोपा. 200च्या वर गेलं की बहुतेक घोड्या तीन दिवसांत मोकळ्या होतात. पीएच सातच्या वरून 6.4पर्यंत उतरला तर त्याच रात्रीची तयारी ठेवा, कारण बहुसंख्य घोड्या रात्रीच वितात. अडचण अशी की पुष्कळ पट्ट्यांच्या रंगपट्टीवर 120नंतर थेट 250 येतं. मधला रंग दिसला तर 250 धरून चाला. 120 दिसल्यापासून तपासणी सकाळ-संध्याकाळ करा.

दुधाकडेही बघा: आधी पातळ मधासारखं पिवळट-चिकट, मग गढूळ, शेवटी पांढरं. सडाच्या टोकावर मेणासारखे थेंब साधारण 1 ते 4 दिवस आधी जमतात. पण काही घोड्यांना ते दिसतच नाहीत.

पट्टी फसते ती तीन ठिकाणी. पहिलटकरणीला दूधच उशिरा उतरतं, तपासायला थेंब मिळत नाही. काही घोड्या आकडा न चढताच वितात. आणि वारेला संसर्ग झाला असेल तर कास महिना-दोन महिने आधीच भरते, आकडाही चढतो. 300 दिवसही झाले नसताना पट्टी गडद दिसली तर ती खुशखबर नाही, डॉक्टरला बोलवा.

दिवस इतके मागेपुढे का होतात, हेही माहीत असावं. नर शिंगरू सरासरी दोन-तीन दिवस जास्त राहतं. जानेवारी-फेब्रुवारीत फळलेली घोडी उन्हाळ्यात फळलेलीपेक्षा जास्त दिवस घेते. अंगानं खंगलेली लांबवते. गाढवाकडून खेचराचा गर्भ असेल तर आणखी थोडे दिवस. आणि प्रत्येक घोडीची स्वतःची एक सवय असते: मागच्या वेळी 352 दिवस घेतले असतील तर यंदाही 340ला घाबरू नका. म्हणून घोडा दिल्याची आणि व्यायची तारीख तबेल्याच्या दारावर खडूनं नाही, वहीत लिहा.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा रंगपट्टीच्या उडीसाठी कापला. एक कापला तो उन्हासाठी: एप्रिलमध्ये खानदेशातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला डबा खराब होतो, पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तरी तेच. डबा घरात ठेवा, मुदत बघून घ्या, मोठा डबा घेऊ नका. एका घोडीला 25 ते 30 पट्ट्या पुरतात.

यात्रेतून घेतलेल्या, तारीख नसलेल्या घोडीला मात्र पाचपैकी पाच, कारण तिथं मोजायला दुसरं काही हातात नसतं.

पट्टीचं काम इथं संपतं. पाणमोट फुटल्यावर 20 ते 30 मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. पांढुरक्या पडद्याऐवजी मखमली लाल पिशवी आधी दिसली तर डॉक्टरची वाट न बघता ती फाडा, कारण वार सुटलेली असते आणि शिंगराचा श्वास अडलेला असतो. तासाभरात उभं, दोन तासांत सडाला, तीन तासांत वार पडलेली. यातलं काही चुकलं तर फोन लावा, आणि तो नंबर पट्ट्यांच्या डब्यावरच लिहून ठेवा.