म्हस न बघताच पैसे दिले: कोल्हापूर ट्रिप आणि आमचे १३,५९८ रुपये

लिहू की नको असं पंधरा दिवस चाललं होतं, कारण आपण फसलो हे सांगायला लाज वाटतेच, त्यात मी ऑफिसात अकाउंट्स बघते म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांवर शंका घेणं हेच माझं काम, आणि तरी मी एका न बघितलेल्या माणसाला एकदा नाही चार वेळा पैसे पाठवले. नवरा म्हणाला लिहून टाक, निदान दुसऱ्या कुणाचे तरी वाचतील.

तर नाताळच्या सुट्टीत कोल्हापूरला जायचं ठरलं. आम्ही ठाण्याचे. नवरा, मी, सासूबाई आणि आमची आठ महिन्यांची चिकू. अंबाबाई सासरची कुलदेवी, चिकूला देवीच्या पायावर घालायचं राहिलं होतं, आणि नवऱ्याची आत्या तिथंच शिवाजी पेठेत राहते, तिने बाळाला फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलेलं. म्हणजे राहायचा प्रश्न खरं तर नव्हताच, तो आम्ही तयार केला. आत्यांचं घर जुनं, खालच्या खोलीत भाडेकरू, वर जायला उभा लाकडी जिना, संडास-बाथरूम खाली परसात. सासूबाईंचे गुडघे, चिकू रात्री तीनदा उठून घर डोक्यावर घेणार, बाटल्या उकळायच्या, लंगोट वाळत टाकायचे, एवढा सगळा संसार घेऊन कुणाकडे जाऊन पडायचं मला नको वाटत होतं. पण "घर असताना लॉजवर?" हे वाक्य आत्या म्हणायच्या आधीच आम्हाला ऐकू यायला लागलं. म्हणून ठरलं की मंदिराजवळ गुपचूप खोली घ्यायची आणि पोचल्यावर सांगायचं, ऑफिसकडून बुकिंग मिळालंय, कॅन्सल होत नाही. आता हे खोटं बोलायचं ठरलं म्हटल्यावर दादांना (आत्यांचा मुलगा) फोन करून "जरा जाऊन ते ठिकाण बघून येता का" असं विचारायची सोयच राहिली नाही. घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं ते. त्या चोरापेक्षा मला ह्याचा राग जास्त येतो.

मॅपवर भक्तनिवास, मंदिराजवळ असं टाकलं. एका जुन्या धर्मशाळेचं नाव आलं (नाव लिहीत नाही, त्यांचा ह्यात काडीचा दोष नाही). फोटो स्वच्छ, रिव्ह्यू भरपूर, खाली मोबाईल नंबर. फोन लावला तर माणूस साखरेसारखा गोड. अर्धं हिंदी अर्धं मराठी. "महालक्ष्मी भक्त निवास से, बोलिए मॅडम." दोन रात्री, १,५०० रुपये एका रात्रीचे. मीच आपणहून विचारलं की बाळासाठी पाळणा मिळेल का, गरम पाणी चोवीस तास असतं का. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला हो हो, पाळणा आहे, त्याचे आणि गरम पाण्याचे मिळून ६००. पार्किंगपण आहे म्हणाला. मंदिराभोवतीच्या त्या गल्ल्यांत सुट्टीच्या दिवसात पार्किंग! आम्ही ट्रेनने जाणार म्हणून मी ते कानाआड केलं.

एकूण ३,६००. आधी निम्मे १,८०० मागितले. यूपीआयवर नंबर टाकला तर ट्रस्टचं नाव नाही, एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत. मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे हो! कुठल्या संस्थेचे पैसे अकाउंटंटच्या खाजगी खात्यावर जातात? पण चिकू कडेवर, कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, टाकला पिन. दुसऱ्या दिवशी म्हणे बाळाची सोय हवी तर फुल पेमेंट लागेल, गर्दीचे दिवस आहेत. गेले आणखी १,८००. मग पीडीएफ पावती आली, वर देवीचा फोटो, गोल शिक्का, आणि कोल्हापूर लिहिलेलं "कोल्हापुर". ते मला दिसलं होतं. नवऱ्याला दाखवून हसले पण होते. शेवटी त्याने विचारलं, कुठल्या गाडीने येताय, किती वाजता पोचता, म्हणजे रूम तयार ठेवतो. किती काळजी करतात, असं मी सासूबाईंना सांगितलं.

महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो. चिकू मिरज येईपर्यंत धड झोपली नाही. कोल्हापूरला उतरलो, नवरा रिक्षा बघायला बाहेर गेला, सासूबाई बाकावर, मी बॅगांच्या मधे उभी, चिकूने तेव्हाच नेमकं सगळं ओलं केलेलं आणि तेवढ्यात फोन. बरोब्बर त्या वेळी. गाडीची वेळ मीच तर सांगितली होती. "मॅडम, चेक-इन कोड जनरेट होत नाही, पोलीस व्हेरिफिकेशनची नवीन सिस्टिम आहे, ४,९९९ पाठवा, कोड आला की पाच मिनिटात ऑटोमॅटिक रिफंड. नाही झालं तर सिस्टिम रूम दुसऱ्याला देते." मी म्हटलं तिथे आल्यावर देते. तर म्हणे काउंटरवर कॅश घेत नाहीत, लहान बाळ आहे तुमचं, बाहेर थंडीत उभं राहावं लागेल. हे बाळाचं वाक्य लागलं. पाठवले.

दोन मिनिटांत परत फोन. मी रिमार्कमध्ये रूम नंबर टाकला नाही म्हणून पैसे सिस्टिममध्ये अडकले, आता तेवढेच परत रूम नंबर टाकून पाठवा, मग ९,९९८ एकदम परत येतील. आत्ता लिहिताना हे वाक्य मलाच वेड्यासारखं वाटतंय. तेव्हा वाटलं नाही, तेव्हा डोक्यात एकच, पहिले ४,९९९ सोडवायचेत. परत पाठवले. मग त्याने ९,९९९ मागितले आणि तेवढ्यात नवरा आला, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, फोन काढून घेतला आणि म्हणाला तुमचा पत्ता सांगा, मी समोर येऊन देतो. कट.

तरी मला वाटत होतं तिथं जाऊन बघू. धर्मशाळा खरीच होती, फोटोतल्यासारखीच, कारण फोटो तिचेच होते. काउंटरवर एक वयस्कर काका, माझ्या मोबाईलवरची पावती त्यांनी हात लांब करून धरली, वाचली, काही न बोलता जाड रजिस्टर आमच्याकडे फिरवलं. सगळी नावं पेनाने लिहिलेली. "आमच्याकडं फोनवर खोलीच देत न्हाई ओ ताई. माणूस समोर येतोय, आधार दाखवतोय, खोली असली तर मिळती. ह्या आठवड्यात तुम्ही तिसरं." त्यांच्या डाव्या हाताला भिंतीवर सेलोटेपने कागद लावलेला, ऑनलाइन बुकिंग नाही, फसू नका. म्हणजे तो कागद वाचायला आधी फसून तिथपर्यंत यायचं. त्यांनी पोलिसांत दोनदा अर्ज दिलाय म्हणाले, मॅपवरचा नंबर बदलायला त्यांच्या पोराने प्रयत्न केला, चार दिवसांत परत कुणीतरी तोच टाकला. खोली शिल्लक नव्हती. चिकूचं रडणं ऐकून आत गेले आणि तांब्याभर गरम पाणी घेऊन आले, बाटलीला लागेल म्हणून. तिथल्या बाकड्यावर बसून मी तिला दूध पाजलं आणि मग मला रडू आलं.

इथे आम्ही दुसरी चूक केली, आणि तीही महाग पडली. त्याच बाकड्यावरून १९३० ला फोन करायला हवा होता. सायबर फसवणुकीसाठी हा हेल्पलाईन नंबर आहे. आपले पैसे चोराच्या पहिल्या खात्यातून पुढच्या खात्यात, तिथून तिसऱ्या असे पळवतात किंवा काढून घेतात, त्या आत तक्रार गेली तर जिथे असतील तिथे होल्ड करता येतात. तासाचा पण फरक पडतो. आम्ही काय केलं, तर तोंड धुतलं आणि ठरवलं की आत्यांकडे काही बोलायचं नाही, थेट स्टेशनवरनंच आलो असं दाखवायचं. अख्खा दिवस घालवला.

आत्या दारातच. "आलासा? आंघोळीचं पाणी कवाचं तापलंय." आत गेलो तर खालची खोली झाडून पुसून तयार. भाडेकरू सुट्टीला गावी जाणार होता, त्याच्याकडून आत्यांनी आधीच किल्ली मागून ठेवलेली, "वैनीला जिना नको." आणि खोलीच्या मधोमध पाळणा. लाकडी, दादांचा लहानपणचा. माळ्यावरून काढून साबणाने घासलेला, दोऱ्या नव्या, वर धुतलेलं लुगडं चौघडी घालून अंथरलेलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. पाळण्याचे आणि गरम पाण्याचे ६०० दिले होते मी. चिकू त्यात पडल्या पडल्या झोपली, ठाण्यात इतकी कधी झोपत नाही.

दुपारी दर्शनाला गेलो. रांग बरीच होती. बाहेर एकाने गाठलं, बाळ आहे, ५०० द्या, डायरेक्ट आत सोडतो. एरवी मी दिले असते, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी त्याच्याकडे अशी बघितली की तो आपोआप दुसऱ्याकडे वळला. रांगेतल्याच बायकांनी "बाळवाली हाय, होऊ द्या फुडं" म्हणत आम्हाला पुढे काढलं, फुकट.

संध्याकाळी आतोबा म्हणाले चला, गंगावेशीत दूध कट्ट्यावर. तिथं म्हशी उभ्या असतात आणि आपल्या समोर धार काढून ग्लास हातात देतात, कोमट, वर बोटभर फेस. मी ग्लास तोंडाला लावला आणि फोन वाजला, तोच नंबर. मॅडम रिफंड तयार आहे, फक्त ९,९९९... माझा हात थरथरायला लागला, दूध साडीवर. मग लपवण्यासारखं काही राहिलं नाही. सगळं सांगितलं, तिथंच, म्हशींच्या मधे उभं राहून. आतोबा ऐकत होते. मग गवळ्याला पैसे देत म्हणाले, "हितं बघ पोरी, आधी धार काढत्यात, आपण फेस बघायचा, मग पैसं. तुम्ही म्हस न बघताच पैसं दिलासा की."

दादांनी मात्र तिथल्या तिथे १९३० लावला. लागायला वेळ लागला, सोडू नका, परत परत लावा. त्यांनी विचारलं ते लिहिते म्हणजे हाताशी ठेवाल: प्रत्येक पेमेंटचा बारा आकडी यूटीआर नंबर (म्हणजे व्यवहाराचा क्रमांक), तारीख-वेळ, समोरचा यूपीआय आयडी, आपला खाते नंबर. मग रात्री पोर्टलवर, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन, सगळे स्क्रीनशॉट चढवून पूर्ण तक्रार भरली, आणि बँकेला वेगळं कळवलं. चॅट डिलीट करू नका, राग आला तरी. मी पावती डिलीट करायला निघाले होते. आणि संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर 'चक्षू' म्हणून सोय आहे, पैसे गेले नसले, नुसता फसवा फोन आला असला तर तो नंबर तिथं कळवता येतो; पैसे गेले असतील तर १९३० च.

आत्यांना घरी गेल्यावर सांगितलं. वाटलं ओरडतील. त्या पोळ्या लाटत होत्या, लाटणं थांबलं. "पैशाचं जाऊंदे. माझं घर नको वाटलं व्हय गं तुला?" ह्यावर मी काय बोलणार. जिना, गुडघे, बाथरूम, सगळं तोंडात आलं आणि तसंच आत गेलं. रात्री तीनदा चिकू उठली तेव्हा तिन्ही वेळा माझ्या आधी आत्या पाळण्यापाशी होत्या, मला वाटतं मुद्दाम.

बाकी फिरलो ते नीट फिरलो. पन्हाळ्याला दादांच्या मित्राची गाडी केली, पैसे घरी परत सोडल्यावर. तीन दरवाज्यात वारा एवढा की चिकूची टोपी दोनदा उडाली, सासूबाई सज्जा कोठीच्या पायथ्याशीच बसून राहिल्या. कणेरी मठात गावगाड्याचे ते पुतळे आहेत ना, त्यातल्या एका बैलाकडे चिकू पाच मिनिटं टक लावून बघत होती, हा कधी हलतो म्हणून. चप्पल घेतल्या त्या आत्यांच्या ओळखीच्या माणसाकडून, त्याने आपणहून उलटी करून तळ आणि शिवण दाखवली. मी आता सगळंच उलटं करून बघते.

सध्याची स्थिती अशी की स्टेशनवर पाठवलेल्यांपैकी एक ४,९९९ होल्डवर दाखवतायत, परत मिळायला प्रक्रिया आहे, चालू आहे. दुसरे ४,९९९ दुपारीच निघून गेले होते, म्हणजे आम्ही रांगेत उभे होतो तेव्हा. आधीचे ३,६०० तर आम्ही ठाण्यात बॅगा भरत होतो तेव्हाच गेलेले.

परवा दादांनी मॅपवर परत बघितलं. आम्ही सगळ्यांनी मिळून रिपोर्ट केलेला तो नंबर गेलाय. त्याच फोटोंचं दुसरं पान आलंय, नंबर वेगळा, आणि वरच लिहिलंय, लहान बाळासाठी पाळण्याची सोय.